आप्पांचे वाटे

आमच्या आप्पांचे वाटे घातले तेव्हा ते समोरच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, आणि चरबी फेकू नका असं त्यांनी ज्ञानूमामांना दोनदा बजावलं. जीभ तोवर त्यांच्याच तोंडात होती.

कल्पनाही त्यांचीच. आई गेल्यापासून ते महिनाभर सर्जेरावदादाकडं आणि महिनाभर दिनकरकडं जेवायचे. दादा खाली, दिनकर माडीवर, मी मागच्या खोलीत. घर एक, चुली तीन. नवऱ्याकडून परत आलेल्या बाईच्या चुलीला कुणी पाळी लावत नाही, त्यामुळं मी हिशेबात नव्हते. फेब्रुवारी दादाच्या पदरात पडला की दिनकर आठवडाभर तोंड फुगवून बसायचा. त्यावरून भांडण झालं, मग दोन्ही घरच्या भांड्यांचे आवाज वाढले, आणि एक दिवस आप्पांनी ताट बाजूला सारून सांगितलं, "पाळ्या बंद. माझे वाटे घाला आणि मोकळे व्हा."

कुणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडं सणाला चार घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात. केळीच्या पानांवर ढीग लावायचे, आणि प्रत्येक ढिगात सगळं थोडं थोडं टाकायचं. मांडीचं थोडं, वजडी थोडी, दिलाचा एक तुकडा. एकालाच सगळं मऊ आणि दुसऱ्याला नुसती आतडी, असं होता कामा नये. मग एक जण भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. मागून विचारतात, हा कुणाचा. तो न बघता नाव घेतो. नाव घेतलं की वाटा ठरला, मग देव आला तरी बदलत नाही. आप्पा तालमीचे वस्ताद. गल्लीचे वाटे जन्मभर त्यांनीच घातले. त्यांचे ढीग असे सारखे पडायचे की तराजू आणणाऱ्याला लाज वाटावी.

त्यांचं स्वतःचं काम मात्र ज्ञानूमामांनी केलं. ज्ञानूमामा आमच्या गल्लीतले मटणवाले. कातडीला चीर द्यायची नाही असं आप्पांनी सांगितलं होतं, म्हणून मामांनी बाही वर केली, आप्पांच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घातला, आणि उशीच्या अभ्र्यातून कापूस ओढावा तसं आतलं मांस ओढून काढलं. हाडं, कातडी, डोळे, केस जागच्या जागी राहिले. मांडीचं मांस धरायला दिनकरला हात लावावा लागला. पन्नास वर्षांच्या बैठका होत्या त्यात. मला वाटलं होतं वास बोकडाचा येईल. तो तालमीतल्या तेलाचा, गरम लोखंडाचा आणि किंचित आप्पांच्या टॉवेलचा आला. तो टॉवेल मीच धुते. मी पदर नाकाला लावला आणि पदरालाही तोच वास होता.

जीभ शेवटी निघाली. ती निघायच्या आधी आप्पा म्हणाले, "शालन, तू पाठ कर."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं मामांच्या हाताचा पचपच आवाज येत होता. मग मालनवहिनी, म्हणजे दादाची बायको, दबक्या आवाजात म्हणाली की वजडी आमच्या ढिगात टाकू नका, मी धुणार नाही, आठ दिवस हाताचा वास जात नाही. मामा म्हणाले, मग करू काय? ती म्हणाली, प्रकार प्रकार वेगळे ठेवा की. मामांनी पुन्हा पानं सरकवल्याचा आवाज आला. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्यांना सवय नाही.

"हा कुणाचा?" मामांनी विचारलं.

"दादाचा."

"हा?"

"दिनकरचा."

"आणि हा?"

तिसरा ढीग मला अपेक्षित नव्हता. या घरात कशालाच मी कधी माझं म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, "माझा."

वळून बघते तर एकाही ढिगात मिसळ नव्हती. दादाच्या पानावर सगळं तांबडं, पट्ट्यापट्ट्यांचं, इचलकरंजीच्या लुगड्याच्या काठासारख्या बारीक रेघा असलेलं. दंड, मांड्या, पाठ, आणि वर मानाच्या सुपारीसारखी जीभ. दिनकरच्या पानावर पांढुरकं, गुळगुळीत, रेघ नसलेलं. ते पान सोडून आधीच जिन्याकडं सरकायला लागलं होतं. माझ्या पानावर मुठीएवढं हृदय. मामांनी त्याचे दोन तुकडे करून बघितले होते. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या तालात उडत होते. ते घरंगळत एकमेकांना चिकटले आणि दोघांचा ठोका एक झाला.

मी म्हटलं की हे असं नसतं, प्रत्येक वाट्यात सगळं पाहिजे, आप्पा एकाकडं तरी पुरते आले पाहिजेत.

"नाव घेतलंस ना?" दादा म्हणाला. "मग झालं. नियम त्यांचाच आहे."

आप्पांना काही म्हणायचं असणार. त्यांची जीभ दादाच्या ढिगावर होती.

मामांनी जाताना हात धुतले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, कातडं सुकतंय, ताई. आतून एकदा हाडाला चिकटलं की मग काय परत भरायचं म्हटलं तरी जागा राहणार नाही. जे काय करायचं ते लवकर करा.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं रद्दीतून. रद्दीतल्या एका शाळेच्या पुस्तकात मी वाचलं होतं की माणसात स्नायू तीन प्रकारचे: पट्टकी, अपट्टकी आणि हृदयाचे. पट्टकी, म्हणजे हाडांवरचे पट्ट्यांचे, आपलं ऐकतात. अपट्टकी, म्हणजे आतड्याबितड्यातले, ऐकत नाहीत, पण दमतही नाहीत, आणि त्यांच्या पेशी सूतकताईच्या चातीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. हृदयाला पट्टे असतात, पण ऐकत ते कुणाचंच नाही. पुस्तकात हे चौकटीत छापलं होतं, शेजारी रंगीत चित्र. वासाबद्दल त्यात काही नव्हतं.

दादानं आपला वाटा पितळी घंगाळात ठेवला. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की हे मांस सांगितलेलं ऐकतं. तो म्हणाला, सिलिंडर उचल. घंगाळातून दोन दंड निघाले, कोपरं नसलेले, आणि त्यांनी सिलिंडर उचलून ओट्याखाली सारला. मग त्याला नादच लागला. कपाट सरकव. मोटरसायकल वळव. पाठ चेप. मांस दमायचं, थरथरायचं, त्याला घाम यायचा, आणि त्या घामावर माश्या बसायच्या. वहिनीनं वासावर उपाय म्हणून त्याला मीठ आणि हळद चोळली. स्वतःचे हात तिनं नंतर राखेनं, साबणानं आणि लिंबानं धुतले.

जिभेचा उपयोग दादाला पाव्हण्यांसाठी झाला. कुणी आप्पांची चौकशी करायला आलं की तो पडद्याआड जाऊन घंगाळाच्या कानाशी पुटपुटायचा, आणि जीभ आप्पांच्या आवाजात म्हणायची, "बरं चाललंय. थोरल्यानं सांभाळलं." पाव्हणे चहा पिऊन, समाधानानं मान हलवत जायचे. मी एकदा त्याला म्हटलं की दादा, जरा लाज. तो म्हणाला, खोटं काय आहे त्यात, सांभाळतोयच की. आणि खरंच, घंगाळावर त्यानं जाळी टाकली होती.

आप्पा दारातच होते. त्यांना पापणी हलवता येत नव्हती, म्हणून मी डोळ्यात पाण्याचे थेंब घालायचे आणि खुर्ची ज्या दिशेला वळवीन तिकडं ते बघायचे. सकाळी रस्त्याकडं, दुपारी सावलीकडं. कातडी गालफडांपासून चिकटायला लागली होती. मी रोज त्यांच्या छातीवर बोटानं टिचकी मारून बघायची. पोकळ आवाज येत होता तोवर मला धीर होता.

माझा वाटा मी पोळ्यांच्या डब्यात ठेवला होता. दुसरं झाकणाचं भांडंच नव्हतं माझ्याकडं. त्यानंतर पोळी काही घशाखाली उतरली नाही. डब्याचं झाकण ठोक्याला उडायचं. मग फळी उडायला लागली, फळीवरची मिसळणाची डबी, डबीतली मोहरी. त्याला हात लावला की बोटांना कोमट, चिकट, बारीक केस लागल्यासारखं वाटायचं आणि मला ओकारी यायची. मी ओकून चूळ भरून यायची आणि परत झाकण दाबून धरायची. पुढं पुढं माझी मनगटाची नाडी त्याच्या तालात पडली. मी त्याला सांगून बघितलं की माझी नाडी माझी राहू दे. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, हे पुस्तकातही होतंच.

मला एवढंच हवं होतं की दोघांकडून एक एक तुकडा मिळावा. तिन्ही प्रकार एकत्र केले की छोटा का होईना, नियमातला वाटा होईल. तेवढा आप्पांच्या आत ठेवला तर निदान पापणी मिटेल. मी दादाकडं मागितला. तो म्हणाला, आज तू मागशील, उद्या मामा मागतील, मग सगळी तालीम दारात येईल. दिनकरकडं जायला मी जिन्यात पाय ठेवला आणि मला जिना ओळखू येईना.

पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या. माडीवरचं बोळकंडं, जे चार ढांगांत संपायचं, ते आता शेवट न दिसण्याइतकं लांबलं होतं, आणि त्याच्या भिंतींना पांढुरकं, ओलं अस्तर लागलं होतं. ते मागून आवळायचं आणि पुढून सैल पडायचं. सावकाश, घाई नाही, थांबणं नाही. एक चप्पल माझ्यासमोरून मोरीच्या दिशेनं गेली. मग दिनकरच्या बायकोची सुरेखाची साडी, पिळून काढल्यासारखी. आंबट वास येत होता, उलटी झालेल्या बाळाच्या अंगाला येतो तसा.

"दिनकर, कुठं आहेस?"

"पुढं सरकतोय, आक्का." आवाज लांबून आणि जरा दाबून आला.

"मागं ये."

"मागं येता येत नाही."

"सुरेखा?"

"ती माझ्या पुढं हाय. बरी हाय. मऊ पडलीय थोडी."

मी विचारलं, आप्पांसाठी एवढा तुकडा देशील का. तो म्हणाला, मी काय देणार, आता माझ्या हातात हाय काय, आणि हसला. दिनकर लहानपणापासून असाच, अडचणीत आला की हसतो. मी कठडा धरून खाली आले. चप्पल सोडून यावी लागली.

मागून मिळत नाही म्हटल्यावर मी वाटी पाठवायची ठरवली. आमच्यात मटण शिजलं की शेजारी वाटीभर जातं, आणि आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. दारिद्र्य आलं तरी नाही. मी विळीवर हृदयाचा कोपरा कापला. तो वाटीत उडत होता. वर झाकण ठेवून मी वहिनीच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

वहिनीनं झाकण उचललं आणि पदर तोंडात धरला. "वन्सं, हे हलतंय."

"वाटी आहे, वहिनी. परत द्या सावकाश."

वाटी परत आली ती साखर घालून. काही नसलं की चिमूटभर साखर घालतात, तीही रीतच. वहिनी हुशार बाई. मी साखर कागदावर काढली, वाटी धुतली आणि दुसरा तुकडा पाठवला. पुन्हा साखर. मी पुन्हा पाठवली. माझा ढीग कमी होत होता आणि कागदावरची साखर वाढत होती. तिला मुंग्या लागल्या, आणि मुंग्यासुद्धा ठोक्याठोक्यानं चालायला लागल्या. तिकडं वहिनीच्या घरात माझे तुकडे साठत होते. ती ते टाकूनही देऊ शकत नव्हती, सासऱ्याचं हृदय उकिरड्यावर कोण टाकणार. तिनं ते घंगाळाच्या कडेला ठेवले होते. त्यामुळं दादाचं मांसही ऐकेनासं झालं. दादा सांगायचा उचल, आणि ते नुसतं ठोके द्यायचं. पाव्हण्यांसमोर जीभ "बरं, बरं, बरं" एवढंच म्हणत राहिली.

मग वहिनीचा साखरेचा डबा संपला. वाटीत काय घालायचं यावर नवराबायकोंचं बोलणं मी भिंतीतून ऐकलं. दादा म्हणाला, नवी साखर आण. ती म्हणाली, तिच्या वाटीपायी किती साखर आणू, त्यापेक्षा हे काय कमी पडलंय का. त्या वेळी वाटीत मांडीच्या मांसाची एक पट्टी आली, हळदीनं पिवळी, मिठानं आखडलेली. वहिनीला साखरेपेक्षा आप्पा स्वस्त पडले.

दिनकरची वाटी मी जिन्यात ठेवली आणि बोळकंड्यानं ती आवळून आत नेली. ती मोरीच्या पाइपातून मागच्या अंगणात बाहेर आली. चकचकीत झाली होती, नक्षी झिजून गेली होती. आत मांसाची पांढरी, निमुळती वात होती, दोन्ही टोकांनी माझा अंगठा शोधत. ती कुणी घातली हे मला कळलं नाही. मी वर बघून हाक मारली. दिनकरचा आवाज भिंतीतून, तळमजल्याच्या उंचीवरून आला, की आक्का, बरं हाय, जवळ आलंय.

घर तोवर लहान झालं होतं. माझ्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंती लागायच्या आणि त्या कोमट असायच्या. दारातून आप्पांची खुर्ची आत घ्यायला मला चौकटीला तेल लावावं लागलं. मी त्यांना समोर बसवलं आणि छातीवर टिचकी मारली. आवाज पोकळ नव्हता, बद्द आला. एका बरगडीपाशी मात्र अजून थोडी जागा वाजत होती.

मी ताटलीत तिन्ही तुकडे ठेवले. क्षणभर ते तीन कोपऱ्यांत थांबले. मग पांढरी वात सरकत गेली, पिवळ्या पट्टीला वेढून घेतलं, आणि हृदयाचा तुकडा दोघांच्या मध्ये शिरला. त्या गोळ्यातून तार सुटत होती. मी डोळे मिटून तो उचलला. तळहातावर गोगलगाय, उकळलेलं दूध आणि कुणाचातरी झोपलेला गाल एकाच वेळी ठेवावा तसा तो होता.

कातडीला चीर द्यायची नव्हती. वाट तोंडावाटेच होती. मी बाही वर केली.

"आप्पा, हात घालते. जरा लागेल."

त्यांचा जबडा सैल होता. घसा जुन्या पखालीसारखा कोरडा, सुरकुतलेला. हात आत गेला की कातडं खरखरत सुटत होतं. मनगट गेलं. मधला हात गेला. मला बोटांनी त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, आतून. तालमीच्या फोटोत ज्या छातीवर पदकं होती तिच्या मी मागच्या बाजूला होते. ती मोकळी जागा सापडली. मी गोळा तिथं ठेवला आणि तळव्यानं दाबून धरला, भाकरी तव्यावर धरतात तसा. तो पहिल्यांदा थांबला. मी श्वास धरला. माझी नाडीही थांबली.

मग ठोका पडला.

आप्पांचा उजवा डोळा फिरला. कितीतरी दिवसांनी तो खुर्चीच्या दिशेला न बघता स्वतःला हवं तिकडं बघत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. पापणी खाली आली, वर गेली. मला रडू आलं आणि ते पुसायला माझा मोकळा हात चिकट होता.

भिंतीपलीकडून वहिनी म्हणाली, "वन्सं, जीभ बोलायला लागलीय. आम्ही तिला काय सांगितलेलं न्हाई."

"काय म्हणते?"

"अजून वाढ म्हणत्या."

मी हात काढून घ्यायला लागले, आणखी एक वाटी पाठवायला. हात निघाला नाही. मी त्याला म्हटलं, चल. तो माझाच हात होता, पट्टकी, आजवर सांगितलेलं सगळं ऐकलेला. भांडी घासलेला, भाकऱ्या थापलेला. त्यानं ऐकलं नाही. आप्पांच्या घशाच्या आत काहीतरी मऊ जागं झालं होतं. ते मनगटामागं आवळत होतं आणि बोटांपुढं सैल पडत होतं. सावकाश, घाई नाही.

"आप्पा," मी म्हटलं, "ही मी आहे."

डोळा माझ्याकडं बघत होता, मायेनं. पापणी पुन्हा मिटली आणि उघडली. कोपर त्यांच्या दातांशी आलं, थोडं अडलं, आणि गेलं. त्यांच्या खांद्याचं कातडं भरत होतं, टम्म, जुन्या फोटोतल्यासारखं. माझा गाल त्यांच्या गालाला लागला. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

बांगड्या घशाला लागू नयेत म्हणून मी हात आतल्या आत थोडा वळवला.